जर्नलच्या टेम्पलेटमध्ये बिब्लिओग्राफी येतच नाहीये, सगळीकडे प्रश्नचिन्हं! लाटेकवाले, मदत करा

भुईचाफा:
नमस्कार मंडळी. ज्यांनी लाटेक (कमांड लिहून पेपर-थिसिस जुळवायचं सॉफ्टवेअर) वापरलंय त्यांच्यासाठीच हा धागा आहे, बाकीच्यांना बोअर होईल, आधीच सांगते.

मी पीएचडी करतेय, विषय भूजल, बेसाल्टमधल्या विहिरींच्या पातळ्या वगैरे. थिसिस अख्खा लाटेकमध्ये आहे, बिबलाटेक (रेफरन्सेसचं पॅकेज) आणि बिबर (त्याच्या जोडीचा प्रोग्राम) वापरून, आणि तिथे रेफरन्सेस एकदम मस्त येतात. आता त्यातल्याच एका चॅप्टरचा पेपर केलाय, जर्नलने स्वतःचं टेम्पलेट दिलंय (नाव नको, मोठा प्रकाशक आहे) आणि त्यात मी माझा मजकूर आणून टाकला तर पहिलाच एरर आला की बिबलाटेक आणि नॅटबिब (तेही रेफरन्सेसचंच पॅकेज) एकत्र चालत नाहीत. लॅबमधला एक जण म्हणाला बिबलाटेकची ओळ उडव. उडवली. मग जिथे जिथे टेक्स्टसाइट आणि पॅरेनसाइट (मजकुरात रेफरन्स द्यायच्या कमांड) होतं तिथे "अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स". ते सगळं फाइंड-रिप्लेस करून साधं साइट केलं, नेटवर एका ठिकाणी बघून शेवटी बिब्लिओग्राफीस्टाइल प्लेन अशी ओळ टाकली. आता पीडीएफ बनतंय पण मजकुरात सगळीकडे प्रश्नचिन्हं आणि शेवटी रेफरन्सेस हे हेडिंग येऊन खाली काहीच नाही. वर एक एरर असा येतोय की "समथिंग्ज राँग, परहॅप्स अ मिसिंग आयटम". अहो, मी आयटमची यादी वापरलेलीच नाहीये कुठे!

ओव्हरलीफवर (ऑनलाइन लाटेक) हे असं आणि लॅपटॉपवर (मिकटेक आणि टेक्सस्टुडिओ) केलं तर तिथे वेगळंच, ते म्हणतंय बीसीएफ फाइल सापडत नाही.

रिव्हिजन सोमवारपर्यंत द्यायचीये. गाइड म्हणतायत सोड ते, रेफरन्सेस हाताने टाइप कर. ८० च्या वर आहेत हो. काय करू?

मिसळप्रेमी:
दोनतीनदा कंपाइल करून बघा, माझं असंच व्हायचं आणि आपोआप जायचं.

भुईचाफा:
करून झालं हो, बटण झिजलं.

खटपट्या:
ताई, हाताने टाइप करू नका, तासाभराचं काम आहे हे. पण आधी आत काय चालतं ते सांगतो म्हणजे पुढच्या जर्नलला परत हाच धागा काढायला लागणार नाही.

तुम्ही पीडीएफलाटेक (मजकुराचं पीडीएफ करणारा प्रोग्राम) चालवता तेव्हा ते तुमच्या डॉट बिब फाइलकडे (रेफरन्सेसचा डेटाबेस) ढुंकूनही बघत नाही. ते फक्त डॉट ऑक्स नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं की बाबा या या कीज (प्रत्येक रेफरन्सला दिलेलं छोटं नाव) साइट केल्यात, डेटाबेस फाइलचं नाव हे आणि स्टाइलचं नाव हे. मग बिबटेक हा वेगळाच प्रोग्राम येतो, तो तुमची टेक फाइल वाचतच नाही, फक्त ऑक्स वाचतो, त्यात सांगितलेली बिब फाइल उघडतो, बीएसटी स्टाइलप्रमाणे यादी मांडतो आणि डॉट बीबीएल लिहितो. मग परत पीडीएफलाटेक, ते बीबीएल आत ओढतं आणि कुठल्या कीला काय नंबर किंवा काय नाव-वर्ष ते ऑक्समध्ये नोंदवतं. आणि परत एकदा पीडीएफलाटेक, आता कुठे मजकुरातली प्रश्नचिन्हं जातात. म्हणजे एकूण चार फेऱ्या. ओव्हरलीफवर लाटेकएमके हे सगळं स्वतःच करतं, म्हणून तिथे बटण परत परत दाबून काही होत नाही. साखळीत कुठेतरी तुटलंय, ते शोधायला पाहिजे.

आणि बिबलाटेक म्हणजे पूर्ण वेगळी साखळी. तिथे ऑक्सऐवजी बीसीएफ फाइल बनते आणि ती बिबर वाचतो. बीबीएल दोघांचंही असतं, पण आतला मजकूर एकाचा दुसऱ्याला अजिबात कळत नाही. तुमच्या लॅपटॉपवरचा एरर त्याचाच आहे. थिसिससाठी टेक्सस्टुडिओच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट बिब्लिओग्राफी टूल बिबर करून ठेवलं असणार, टेम्पलेटमध्ये बिबलाटेक नाही म्हणजे बीसीएफ बनत नाही, बिबर बिचारा ते शोधत बसतो. ऑप्शन्समध्ये बिल्ड या पानावर जाऊन बिबटेक करा.

आता एक करा. ओव्हरलीफवर लॉगच्या खिडकीत सगळ्यात खाली इतर लॉग आणि फाइल्स असं असतं, तिथून डॉट बीएलजी उतरवा आणि त्यातल्या वरच्या ओळी इथे टाका. लोक डॉट लॉग वाचत बसतात, बिबटेकची रडगाणी सगळी बीएलजीमध्ये असतात.

भुईचाफा:
मिळाली. वरच्या ओळी अशा आहेत (देवनागरीत टाइप करतेय, सांभाळून घ्या):

द टॉप-लेव्हल ऑक्झिलरी फाइल: आउटपुट डॉट ऑक्स
द स्टाइल फाइल: … (जर्नलच्या स्टाइलचं नाव)
इल्लीगल, अनदर बिबस्टाइल कमांड
डेटाबेस फाइल नंबर १: सॅम्पल डॉट बिब
वॉर्निंग: आय डिडंट फाइंड अ डेटाबेस एंट्री फॉर …

आणि मग ही वॉर्निंग प्रत्येक रेफरन्ससाठी, खालपर्यंत.

खटपट्या:
हे बघा, सगळं लिहूनच दिलंय त्याने.

डेटाबेस फाइल सॅम्पल डॉट बिब. म्हणजे टेम्पलेटच्या शेवटी जी बिब्लिओग्राफी कमांड आहे तिच्यात अजून त्यांच्या नमुन्याच्या फाइलचंच नाव आहे. थिसिसमध्ये तुम्ही अ‍ॅडबिबरिसोर्स वापरत होता, ती ओळ बिबलाटेकबरोबर गेली. तिथे तुमच्या बिब फाइलचं नाव टाका, एक्स्टेन्शन न लावता. तो मिसिंग आयटमवाला एररही याचाच आहे. एकही रेफरन्स सापडला नाही की बीबीएलमध्ये यादीची सुरुवात आणि शेवट एवढंच राहतं, मधे काहीच नाही, आणि लाटेकला रिकामी यादी चालत नाही.

दुसरं, ते इल्लीगल प्रकरण. तुमच्या टेम्पलेटचा क्लासच (मांडणी ठरवणारी फाइल) स्टाइल ठरवतोय, बहुतेक डॉक्युमेंटक्लासच्या चौकटी कंसातल्या ऑप्शनवरून. हल्ली बऱ्याच टेम्पलेट्समध्ये असं असतं. त्यावर तुम्ही प्लेनची ओळ टाकली म्हणजे ऑक्समध्ये स्टाइल दोनदा आली. बिबटेक पहिली घेतो आणि दुसरीवर ओरडतो. ती ओळ काढून टाका. आणि एरवीसुद्धा नॅटबिब लेखक-वर्ष मोडमध्ये असेल तर प्लेन चालत नाही, "बिब्लिओग्राफी नॉट कम्पॅटिबल विथ ऑथर-इयर सायटेशन्स" म्हणून बोंब मारतं, कारण प्लेनच्या बीबीएलमध्ये नाव-वर्षाची माहितीच नसते.

तिसरं, सगळं साधं साइट केलंत ते परत बदलायला लागेल. नॅटबिबमध्ये टेक्स्टसाइटच्या जागी साइटटी आणि पॅरेनसाइटच्या जागी साइटपी. तुमची जुनी प्रत असेल तर त्यातूनच करा, नाहीतर कुठलं कंसात होतं आणि कुठलं वाक्यात हे एकेक वाचून ठरवायला लागेल.

हे झालं की ओव्हरलीफवर रिकम्पाइल फ्रॉम स्क्रॅच करा (कंपाइलच्या बाणाखाली आहे), लॅपटॉपवर ऑक्स आणि बीबीएल दोन्ही उडवा. बिबलाटेकचं जुनं बीबीएल पडून असेल तर नवीन साखळी त्याच्यावर अडखळते आणि भलतेच एरर देते.

रात्रपाळी:
खटपट्यांना +१. एक जोडतो. क्लास फाइल काय काय लोड करते ते आधी बघायची सवय लावा. एल्सेव्हिअर या प्रकाशकाचा एल्सआर्टिकल क्लास स्वतःच नॅटबिब लोड करतो, आपण परत युजपॅकेज नॅटबिब ऑप्शनसकट लिहिलं की ऑप्शन क्लॅश. तिथे बिबऑप्शन्स नावाची कमांड दिलीये, ती वापरायची. आयट्रिपलईच्या क्लासमध्ये असं काही नसतं, तिथे लोक साइट पॅकेज वापरतात आणि आयट्रिपलईट्रॅन स्टाइल. फिजिक्सवाल्यांच्या रेव्हटेकमध्ये तर कंपाइल केल्यावर तुमच्या फाइलच्या नावापुढे नोट्स लावलेली एक बिब फाइल आपोआप उगवते, पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं हे कुणी टाकलं. ती तशीच राहू द्यायची.

जाता जाता, एल्सआर्टिकल हा क्लास आपल्या तिरुअनंतपुरमच्या टेक (लाटेक ज्याच्यावर उभं आहे ते सॉफ्टवेअर) मंडळींनी बनवलाय. टेक यूजर्स ग्रुपची जागतिक परिषदसुद्धा तिथे झाली होती, २००२ साली आणि परत २०११ साली.

सदाशिवपेठी:
मी थोडा वेगळा सूर लावतो. या सगळ्या भानगडीपेक्षा गाइड म्हणतायत ते काय वाईट आहे? मी आजवर दबिब्लिओग्राफीमध्ये बिबआयटम लिहीतच, म्हणजे यादी हाताने टाइप करूनच, पेपर दिलेत. काय छापलं जाणार ते डोळ्यासमोर असतं. बिबटेक १९८५ चं आहे आणि अजून त्याची आवृत्ती ०.९९ च्या पुढे सरकलेली नाही, १.० कधी आलीच नाही. त्याची स्टाइल लिहायची भाषा बघा एकदा, सगळं उलटं, आधी ऑपरेंड मग ऑपरेटर, स्टॅकवर ढकलत बसायचं.

खटपट्या:
सर, दहापंधरा रेफरन्स असतील तर तुमचं बरोबर आहे, मीही तेच करीन. ८० असतील, जर्नलने रिजेक्ट केलं आणि दुसऱ्या जर्नलला लेखक-वर्षाऐवजी नंबर पाहिजे असतील तर? शिवाय रिव्ह्यूअर मधे तीन घालायला सांगतो आणि मग नंबरची क्रमवारी सगळी हलते. नंबर लाटेक स्वतः लावेल हो, पण यादीतला क्रम आपल्यालाच जुळवायचा असतो हाताने लिहिल्यावर. आवृत्ती ०.९९ असली तरी जर्नलं त्याच्यावरच चालतायत ना, तेच महत्त्वाचं. बिबलाटेक चांगलं आहे, मीही थिसिसला तेच वापरलं, पण प्रकाशकांची जुनी पाइपलाइन बिबटेकवर बसलेली आहे आणि ती आपल्यासाठी कोणी बदलणार नाही.

भुईचाफा:
आले!!! रेफरन्सेस आले! खटपट्या, तुम्हाला माझ्याकडून मिसळ. सॅम्पलचं नाव बदललं, प्लेन काढलं, जुन्या प्रतीतून साइटटी-साइटपी केलं, आणि लॅपटॉपवरपण चाललं.

पण आता नवीन तमाशा. बीएलजीमध्ये ढिगाने वॉर्निंग आहेत, एम्प्टी इयर, एम्प्टी जर्नल. यादीत अर्ध्या पेपरांना वर्षच नाही. थिसिसमध्ये हीच बिब फाइल आहे आणि तिथे वर्षं येतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा एक रिपोर्ट साइट केलाय तर मजकुरात "ऑफ इंडिया" एवढंच आलंय आणि यादीत "ओ"मध्ये जाऊन बसलाय, "जी. एस. ऑफ इंडिया" म्हणून. सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डाचं नुसतं "बोर्ड" झालंय. गाइडनी बघितलं तर मला विहिरीत ढकलतील.

रात्रपाळी:
हाहाहा, "ऑफ इंडिया" क्लासिक आहे.

होतं असं की बिबटेकला ऑथर फील्डमध्ये माणसंच दिसतात. लहान अक्षराने सुरू होणारा मधला शब्द दिसला की त्याला वाटतं हे डच-जर्मन नावातल्या व्हॅन-व्हॉनसारखं आहे, म्हणून "ऑफ"पासून पुढे सगळं आडनाव आणि "जिऑलॉजिकल सर्व्हे" हे बिचाऱ्याचं पहिलं नाव, मग त्याची इनिशियल्स करून टाकतो. बोर्डाचंही तेच, शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. उपाय सोपा आहे, संस्थेचं पूर्ण नाव महिरपी कंसात घाला. म्हणजे फील्डचे आधीचे महिरपी कंस आहेत त्यांच्या आत अजून एक जोडी. मग तो ते एकसंध धरतो, तोडत नाही. बिबलाटेकमध्येही हे करायलाच लागतं, थिसिस परत नीट बघा, तिथेही "ऑफ इंडिया" लपलेलं असेल कुठेतरी 😄

त्याच ओघात नावांचं अजून एक. दोन लेखकांच्या मधे स्वल्पविराम नाही, अँड पाहिजे, अगदी दहा लेखक असले तरी नऊ वेळा अँड. स्वल्पविराम आडनाव आधी लिहिण्यासाठी राखीव आहे. कुठून कॉपी करून स्वल्पविरामांची माळ आणली की "टू मेनी कॉमाज" म्हणून ओरडतो. आणि आपल्याकडची नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत त्याला चालते, शेवटचं आडनाव धरतो. पण दक्षिणेतल्या लोकांची इनिशियल शेवटी लिहिलेली असेल तर ते इनिशियलच आडनाव होऊन बसतं, तेव्हा तिथे मुद्दाम स्वल्पविराम देऊन सांगायचं कुठलं काय ते.

खटपट्या:
वर्षाचं मी सांगतो. तुमची बिब फाइल बिबलाटेकच्या बोलीत आहे. तिथे डेट, जर्नलटायटल, लोकेशन अशी फील्ड्स असतात. जुन्या बिबटेक स्टाइल्सना इयर, जर्नल, अ‍ॅड्रेस एवढंच कळतं. डेट फील्ड त्यांच्यासाठी नसल्यातच जमा, म्हणून एम्प्टी इयर. झोटेरो (रेफरन्स साठवायचं सॉफ्टवेअर) वापरता का? त्यात एक्सपोर्ट करताना बिबटेक आणि बिबलाटेक असे दोन वेगळे पर्याय आहेत, थिसिसला दुसरा घेतला असणार. आता पेपरसाठी बिबटेक घेऊन वेगळी फाइल काढा. त्याच कामाचं जॅबरेफ असेल तर त्यात क्लीनअपमध्ये बिबटेक स्वरूपात बदलायची सोय आहे. फक्त आधी प्रत काढून ठेवा, थिसिसची फाइल बदलायची नाही.

अजून एक, ऑनलाइन आणि रिपोर्ट हे एंट्रीचे प्रकार बिबलाटेकचे. बिबटेकच्या बहुतेक स्टाइल्सना ते माहीत नसतात. वेबसाइट असेल तर मिस्क करून हाउपब्लिश्डमध्ये यूआरएल, रिपोर्ट असेल तर टेकरिपोर्ट आणि इन्स्टिट्यूशन भरा.

कोकणकडा:
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, मी टाइपसेटिंगच्या कंपनीत काम करतो, जर्नलचे स्वीकारलेले पेपर आमच्याकडे येतात (कंपनीचं नाव विचारू नका).

तुम्ही लोक स्वल्पविराम आणि इटॅलिकवरून रात्री जागवता ना, त्यातलं बरंचसं आमच्याकडे आल्यावर पुसलं जातं. आम्ही रेफरन्सचे तुकडे करून टॅग लावतो, लेखक वेगळा, वर्ष वेगळं, व्हॉल्यूम, पानं, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), सगळं एक्सएमएलमध्ये, आणि शेवटी छपाईची स्टाइल त्याच्यावरून नव्याने तयार होते. त्यामुळे जर्नलला टायटल सेंटेन्स केसमध्ये पाहिजे की टायटल केसमध्ये हे आमचं बघून होतं. पण तुमचं वर्ष चुकीचं असेल, पान क्रमांक नसेल, डीओआय दुसऱ्याच पेपरचा असेल तर ते आम्ही कुठून आणणार? मग प्रूफच्या वेळी लेखकाला क्वेरी जाते, ऑथर क्वेरी १ ते २७, आणि लेखक वैतागतो. म्हणून माझं सांगणं, माहिती नीट भरा, दिसण्याच्या मागे लागू नका. खूप जर्नलं पहिल्या सबमिशनला कुठलीही एकसारखी स्टाइल चालवून घेतात, लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं, पण ते पान वाचतं कोण.

हां, केसवरून आठवलं. टायटलमधली मोठी अक्षरं स्टाइल लहान करते. डेक्कन ट्रॅपचं "डेक्कन ट्रॅप" लहान अक्षरात, इंडियाचा आय लहान, जीआयएस तिन्ही अक्षरं लहान. विशेषनामं आणि लघुरूपं तेवढी महिरपी कंसात टाका. पूर्ण टायटलला डबल कंस मारणारेही भेटतात, तो आळशीपणा झाला, कारण मग ज्या जर्नलला सेंटेन्स केस पाहिजे तिथे सगळीच मोठी अक्षरं तशीच राहतात आणि ती एकेक खाली आणायचं काम आमच्या गळ्यात.

भुईचाफा:
कोकणकडा, तुमच्या क्वेऱ्यांच्या बाजूने बोलणारा पहिल्यांदाच भेटला.

संस्थांची नावं सुधारली, झोटेरोमधून परत एक्सपोर्ट केलं, वर्षं आली. आता दोनच एरर राहिलेत. एक "मिसप्लेस्ड अलाइनमेंट टॅब" आणि एक "इनव्हॅलिड यूटीएफ-एट बाइट सीक्वेन्स", आणि लाइन नंबर बीबीएल फाइलमधला दाखवतंय, तिथे जाऊन सुधारलं की परत कंपाइल केल्यावर परत येतं.

खटपट्या:
बीबीएलमध्ये कधीच सुधारायचं नाही, ती दर वेळी नव्याने लिहिली जाते. तिथे फक्त कुठला रेफरन्स आहे ते बघायचं आणि मूळ बिबमध्ये जाऊन हात घालायचा.

पहिला एरर म्हणजे कुठल्यातरी जर्नलच्या किंवा प्रकाशकाच्या नावात अँडचं चिन्ह आहे, त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. नेटवरून कॉपी केलेल्या एंट्रीत हे हमखास येतं. अंडरस्कोअर असेल तर "मिसिंग डॉलर" येईल, तेही तसंच. आणि बिब फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह टाकून एंट्री बंद केली असं समजू नका, बिबटेकला टक्का म्हणजे कमेंट हे माहीतच नाही, त्याला अ‍ॅटचं चिन्ह दिसलं की एंट्री सुरू. आमच्याकडे एकाने जुनी एंट्री टक्का लावून ठेवली होती आणि रिपीटेड एंट्री का येतंय म्हणून दिवसभर डोकं फोडत बसला होता.

रात्रपाळी:
दुसरा एरर माझ्याकडे. कुणाचं तरी पहिलं नाव डोक्यावर टिंबं किंवा रेघ असलेल्या अक्षराने सुरू होतंय, तुर्की, चेक, फ्रेंच असं काहीतरी. बिबटेक बाइट मोजतो, अक्षरं नाही. ते अक्षर यूटीएफ-८ मध्ये दोन बाइटचं असतं, स्टाइल इनिशियल करायला जाते आणि पहिला बाइट तेवढा उचलते, अर्धं अक्षर. पुढे लाटेक म्हणतं हे काय दिलंत मला. म्हणून आडनावात तेच अक्षर असलं तर काही होत नाही आणि पहिल्या नावात असलं की फुटतं, लोक गोंधळतात ते यामुळे. ते अक्षर जुन्या पद्धतीने लिहा, महिरपी कंस, बॅकस्लॅश, अवतरणचिन्ह, साधं ओ, कंस बंद. टिंबं नसून तिरकी रेघ असेल तर अवतरणचिन्हाच्या जागी सिंगल कोट. बिबटेक अख्ख्या कंसाला एक अक्षर धरतो.

भुईचाफा:
हो हो, एक तुर्की लेखक निघाले! गेलं दोन्ही. एकही एरर नाही आता. गाइडना दाखवलं, म्हणाले ठीक आहे.

फक्त शेवटचं, पोर्टलवर अपलोड केलं तर त्यांनी बनवलेल्या पीडीएफमध्ये परत प्रश्नचिन्हं!! ओव्हरलीफवर स्वच्छ आहे. मी टेक, बिब, चित्रं सगळं दिलंय.

कोकणकडा:
बीबीएल दिली का? बऱ्याच पोर्टलांवर बिबटेक चालेलच याची खात्री नसते, बीबीएल दिली की ते थेट उचलतं. ओव्हरलीफवरून उतरवली की तिचं नाव आउटपुट डॉट बीबीएल असतं, तुमच्या मुख्य टेक फाइलचं जे नाव आहे तेच बीबीएलला द्या, एक्स्टेन्शन सोडून अक्षर न अक्षर तेच. लाटेक फाइलच्या नावावरूनच बीबीएल शोधतं. आणि चित्रं फोल्डरमध्ये असतील तर बाहेर काढा, काही पोर्टलं फोल्डर सपाट करून टाकतात आणि मग मार्ग चुकतो. जर्नलने त्यांची बीएसटी दिली असेल तर तीही सोबत द्या.

सदाशिवपेठी:
किंवा बीबीएलमधला मजकूर कॉपी करून बिब्लिओग्राफी कमांडच्या जागी मुख्य फाइलमध्येच चिकटवायचा. एकच फाइल, कटकट नाही. बघा, शेवटी माझ्या दबिब्लिओग्राफीवरच आलात.

कोकणकडा:
सर, हे चालतं, आमच्याकडे तसे खूप येतात. फक्त अगदी शेवटच्या प्रतीतच करावं, पुढच्या रिव्हिजनला रेफरन्स वाढवायचे असतील तर मूळ फाइल वेगळी ठेवून.

भुईचाफा:
नाव बदलून बीबीएल टाकली, आलं सगळं. सबमिट केलं!! सगळ्यांचे आभार, सदाशिवपेठी सरांचेही.

अबोली:
वाचनखूण साठवली. याच धाग्यात विचारते, मी समाजशास्त्रात आहे आणि माझे निम्मे संदर्भ मराठी आहेत, जुनी मासिकं, गॅझेटिअर, काही अहवाल. इंग्रजी जर्नलच्या टेम्पलेटमध्ये ते देवनागरीत येतील का? आणि क्रम कसा लागेल?

रात्रपाळी:
टेम्पलेट पीडीएफलाटेकचं असेल तर देवनागरीचा नाद सोडा, नाव आणि शीर्षक रोमनमध्ये लिहा आणि नोट फील्डमध्ये मूळ मराठी असल्याचं टाका, इंग्रजी जर्नलांना तेच हवं असतं. ज्या अहवालाला लेखकच नाही त्याला "की" या नावाचं फील्ड द्या, स्टाइल त्यावरून क्रम लावते, नाहीतर "टू सॉर्ट, नीड ऑथर ऑर की" ही वॉर्निंग येते.

देवनागरीतच छापायचं असेल, म्हणजे थिसिस किंवा मराठी नियतकालिक, तर झीलाटेक किंवा लुआलाटेक (युनिकोड फॉन्ट चालवणारी लाटेकची रूपं), देवनागरी फॉन्ट, आणि तिथे मात्र बिबलाटेक-बिबरच घ्या. बिबटेक बाइटनुसार क्रम लावतो, त्यामुळे ळ जाऊन बसतो ल आणि व च्या मधे, क्ष जातो क मध्ये आणि ज्ञ जातो ज मध्ये. बिबरला सॉर्टलोकेल मराठी सांगता येतं, मग ळ, क्ष, ज्ञ आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर येतात. मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या दोन वेगळ्या याद्या हव्या असतील तर प्रत्येक एंट्रीला कीवर्ड्स फील्डमध्ये मराठी किंवा इंग्रजी असं लिहून ठेवा आणि प्रिंटबिब्लिओग्राफी दोनदा वापरा, एकदा या कीवर्डने आणि एकदा त्या. आधी दोनचार एंट्रीवर करून बघा, मग सगळी फाइल घ्या.